तांदळातलं नाव

बेळगावच्या वडगावात कुणाकडं पाहुणे म्हणून आलात आणि वाटेत पांढरी टोपी, बिनबाह्यांचा स्वेटर आणि काखेत ग्राफच्या कागदाची सुरळी असा एक सडपातळ म्हातारा आडवा आला, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्यानं नाव विचारलं तर लगेच सांगू नका. आधी घड्याळ बघा. अर्धा तास हाताशी असेल तरच सांगा.

हे आमचे परशरामआप्पा. ते नाव विचारतात ते ओळख करून घ्यायला नव्हे. तुम्ही नाव सांगितलंत की ते मान हलवतात आणि म्हणतात, "ते झालं. पन टोक कुठाय?" तुम्ही गोंधळता. आडनाव सांगता, गाव सांगता, पणजोबांचं नाव ठेवलंय असंही सांगून बघता. आप्पा सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "तसं न्हवं. नावाचं टोक. ते निघालं कुठनं?" तुम्हाला ते माहीत नाही हे कळलं की ते समाधानानं टोपी सारखी करतात. मग तुमचं नाव प्रकाश असो, बसवराज असो नाही तर शबाना असो, तिसऱ्या वाक्याला ते सुसान्नावर येतात.

सुसान्ना हे बायबलमधल्या एका बाईचं नाव. आप्पांच्या तोंडून त्याची कथा अशी येते: "मूळची ती शोशन्ना. हिब्रू. तिकडनं गेली ग्रीक मुलखात. ग्रीकांच्यात श न्हाय. आता सरहद्द वलांडली की काय हुतं ते आमास्नी कुनी सांगायला नको. तिथल्या क्लार्कानं इचारलं, नाव काय? ही म्हणाली, शोशन्ना. त्येनं आपल्याला जमंल तसं लिवलं, सुसान्ना. ही म्हणाली, माझं नाव असं न्हाय. तो म्हणाला, बाई, कागदावर असंच हाय."

बेळगावच्या माणसाला यापुढं काही समजावून सांगावं लागत नाही. इथं प्रत्येक घरात एक तरी कागद असा आहे, की ज्यावर आजोबांचं नाव एका भाषेतून दुसरीत जाताना एखादं अक्षर वाटेत सांडून आलेलं आहे. ऐकणारा आपल्या सातबाऱ्याची कहाणी सुरू करतो आणि आप्पा त्याला मध्येच तोडून म्हणतात, "तुझं ऱ्हाऊ दे. हिचं ऐक."

आप्पा काही ख्रिस्ती नाहीत. घरात देव्हारा आहे, श्रावण पाळतात. त्यांचं घराणं हातमागावर साड्या विणणाऱ्यांचं. यंत्रमाग आले, गल्लीतले हातमाग एकेक करून जळणात गेले, पण आप्पांचा माग अजून पुढच्या खोलीत अर्धी जागा अडवून उभा आहे. मग हे हिब्रू आणि ग्रीक त्यांच्या घरात शिरलं कसं? ते सांगायचं तर आधी माझी अक्कल उघडी करावी लागेल. माझी हरकत नाही, ती फार काळ झाकून कधीच राहिलेली नाही.

शहापुरात माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, दुकानांच्या पाट्या आणि माणूस गेलं की दिवसकार्याची पत्रं. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत आमच्याकडं चुका करून मिळतात. एका पत्रिकेत मी नवरदेवाच्या जागी नवरीच्या मामाचं नाव छापलं होतं. मामा अविवाहित होता, त्यामुळं प्रकरण जरा जास्तच वाढलं. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सला श्रद्धांजलीची चौकट गेली होती. तरी लोक माझ्याकडंच येतात, कारण मी गप्पा मारतो. आणि मला नडतात त्याही गप्पाच.

दोन वर्षांपूर्वी आप्पांची बायको वारली. आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. तिसऱ्या दिवशी आप्पा दिवसकार्याचं पत्र छापायला आले. मी मजकूर टाइप करत करत एका जागी थांबलो आणि काकींचं नाव विचारलं. पुन्हा विचारलं. आप्पा माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडं बघत उभे. आता, दुःखी माणसाला जरा हसवावं, असा माझा फार जुना आणि फार महागात पडलेला समज आहे. आप्पांची हाक आमच्या गल्लीत प्रसिद्ध होती. मागाच्या खडखडाटावरून "अगंऽ" असा आवाज निघायचा आणि आतून "आले" असं उत्तर यायचं. दिवसातून पन्नास वेळा. मी म्हणालो, "सांगा की आप्पा. का 'अगं' असंच छापू?"

दुकानात दोघं-तिघं होते. कुणी हसलं नाही. मीच थोडा हसलो आणि मध्येच बंद पडलो.

आप्पा कॅलेंडरकडं बघतच म्हणाले, "कमल छाप."

मी कमल छापलं. त्या पत्रात एकही चूक झाली नाही, म्हणून मी आठ दिवस खूश होतो.

पंधरवड्यानं आप्पा पुन्हा आले आणि म्हणाले, "सुऱ्या, तुझ्या त्या फोनात सुसान्ना म्हंजे काय ते बघ." मी बघितलं. फोन म्हणाला, लिलीचं फूल. आप्पांनी लिली कसली असते ते दाखवायला लावलं. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाला लावून त्यांनी ते पांढरं फूल पाहिलं आणि विचारलं, "हे कमळ न्हाय?" मी म्हणालो, नाही, लिली. "नीट बघ," आप्पा म्हणाले. मी नीट बघितलं. लिलीच होती. आप्पा म्हणाले, "तुझ्या फोनाला काय कळतंय. टोक हुडकलं पायजे."

मला तेव्हा काही उलगडा झाला नाही. घरी येऊन आईला सांगितलं, तेव्हा तिनं मला सगळी हकिकत ऐकवली.

तरुणपणी आप्पा साड्यांचं गाठोडं घेऊन दर आठवड्याला निपाणीच्या बाजाराला जायचे. तिथं चर्चमध्ये घंटा वाजवणारा एक माणूस होता, त्याची मुलगी सुसान्ना. ती साडी बघायला आली, काठात एका ठिकाणी धागा चुकलाय तो तिनं बोट ठेवून दाखवला, आणि साडी न घेता गेली. पुढल्या आठवड्याला आप्पा बिनचूक काठाची साडी घेऊन गेले. तिनं पदरातली चूक काढली. असं बरेच आठवडे चाललं. आप्पांसारखा विणकर वडगावात दुसरा झाला नाही असं म्हणतात, त्याचं कारण हे.

आप्पांची आई कडक. पोराचं लग्न दुसऱ्या धर्मात होतंय म्हटल्यावर तिनं अन्न सोडलं, मग अन्न घेतलं, आणि शेवटी एक अट घातली. ते नाव या घरात येणार नाही. तसं लग्नात मुलीचं नाव बदलणं ही आपल्याकडची सगळ्यांचीच रीत. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. मीही लिहिलं आहे. लिहिताना मला शिंक आली आणि अर्धं नाव भटजींच्या मांडीवर गेलं, ती गोष्ट निराळी. आप्पांच्या आईनं सांगितलं, कमल लिही. आप्पांनी लिहिलं. निपाणीहून आलेला घंटा वाजवणारा बाप मांडवाच्या कडेला बसून बघत होता. माझी आई म्हणाली, "तू बी हुतास की त्या लग्नात. लाडू खाऊन पोट बिघडवून घेतलंस."

तर आप्पांचा सगळा खटाटोप एवढ्यासाठी होता. सुसान्ना म्हणजे कमळच, हे एकदा पक्कं झालं, की आपण तिचं नाव पुसलं असं होत नाही. आपण ते नुसतं मराठीत लिहिलं असं होतं.

हे कळल्यावर शहाण्या माणसानं आप्पांना सबुरीचे दोन शब्द सांगितले असते. मी त्यांना हिब्रू अक्षरांचा तक्ता छापून दिला.

बहात्तर वर्षांचा माणूस मागावर ग्राफचा कागद पसरून अक्षरं गिरवू लागला. साडीच्या काठाची नक्षी जशी चौकटी मोजून उतरवतात, तशी आप्पा अक्षरं उतरवायचे. चार चौकटी आडव्या, सहा उभ्या, शेवटी एक तिरकी. हिब्रू उजवीकडून डावीकडं लिहितात हे ऐकून मी घाबरलो होतो. आप्पा म्हणाले, "मागातला धोटा दोन्ही अंगानं जातोय की. आमास्नी काय उलटं आन काय सुलटं." 'शिन' हे तीन दांड्यांचं अक्षर त्यांना करवतकाठासारखं वाटलं, आणि ग्रीकांचा 'सिग्मा' मोडक्या फणीसारखा. गल्लीतल्या बायका खिडकीतून बघायच्या आणि आप्पांनी नवीन डिझाइन काढलंय असं समजून साडी कधी तयार होणार ते विचारायच्या.

एकदा ते रक्तदाब तपासायला दवाखान्यात गेले. नर्स केरळची. आप्पांनी नाव विचारलं, ती म्हणाली सुसम्मा. त्यानंतर काय झालं ते तिनंच मला सांगितलं. आप्पांचा दाब तीन वेळा मोजावा लागला आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा जास्त भरला. ती हिंदीत हात सरळ ठेवा म्हणायची आणि आप्पा त्याच हातानं हवेत अक्षरं काढून तिला तिचं नाव कुठून निघालं ते दाखवायचे. शेवटी तिनं केरळात आपल्या आईला फोन लावून विचारलं. आईला माहीत नव्हतं. मग आप्पांनी आईलाही सांगितलं, बेळगावच्या हिंदीत. तिकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण त्यानंतर आप्पांना त्या दवाखान्यात रांगेत बसावं लागलं नाही.

मग आप्पांच्या मनात आलं, घरावर पाटी लावावी. वर हिब्रूत, खाली ग्रीकमध्ये, नुसतं सुसान्ना एवढंच नाव. पाटी मी केली आणि मीच शिडीवर चढून लावली. दुसऱ्याच आठवड्यात कचेरीतला एक माणूस पाट्या तपासत आला आणि त्यानं "कन्नड एल्ली?" म्हणून विचारलं. शेजारचे दोघं बाहेर येऊन मराठी कुठाय म्हणू लागले. आप्पा दोघांनाही म्हणाले, "ह्या बाईचं गाव तुमच्या दोघांच्या बी आधीचं हाय." कचेरीतल्या माणसानं बरंच डोकं खाजवलं, पाटी कुठल्या भाषेत आहे याचा रकाना मोकळा सोडला आणि चहा पिऊन गेला. ही पाटी महिनाभर दिमाखात होती. मग एक दिवस कॅम्पातल्या एका चर्चचे पाळक आप्पांच्या घरी आले. ते पाटीपुढं थांबले, मान वाकडी केली, आणखी वाकडी केली, आणि होता होता कमरेत वाकले. पाटी मी उलटी लावली होती.

या पाळकसाहेबांचं मला फार वाईट वाटतं. निवृत्तीला आलेला सज्जन माणूस. तरुणपणी हिब्रू आणि ग्रीक शिकले होते आणि नंतर सुखानं विसरले होते. आप्पा दर गुरुवारी सकाळी दहाला त्यांच्याकडं हजर. सोबत स्कूटरवाला म्हणून मी. पाळकसाहेब मला एकदा बाजूला घेऊन म्हणाले, बुधवारी परीक्षेचा अभ्यास करत बसावं लागतं हो मला.

त्यांनी एकदा आप्पांना सांगितलं, की ही सुसान्ना नव्या करारात एकदाच येते, एका ओळीत, आणखी दोघींबरोबर. प्रभूबरोबर गावोगाव फिरणाऱ्या मंडळींची या बाया आपल्या पदरचं घालून सोय बघायच्या. आप्पांनी विचारलं, पुढं तिचं काय झालं. पाळक म्हणाले, लिहिलेलं नाही.

"एकदाच नाव?"

"एकदाच."

"एकदा तरी घेतलं," आप्पा म्हणाले.

मी तेव्हा खिडकीबाहेर माझ्या स्कूटरवर चढून बसलेल्या कुत्र्याकडं बघत होतो. ते वाक्य माझ्या डोक्यावरून गेलं.

मधे एका गुरुवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, की आमच्या जुन्या मराठी भाषांतरात लिलीला भूकमळ म्हटलेलं आहे. झालं. त्या दिवशी आप्पांनी वडगावात कुंदा वाटला. ज्यानं त्यानं खाल्ला आणि नातवंड झालं का म्हणून विचारलं. पण दोन दिवसांत आप्पांचा चेहरा पुन्हा उतरला. त्यांचं म्हणणं, कमळ आलं ते खरं, पण त्या 'भू'नं घोटाळा केलाय. जमिनीवरचं कमळ म्हणजे कमळासारखं काहीतरी. कमळ नव्हे. त्यांच्या आईनं सांगितलं होतं ते पाण्यातलं. "न्हाय सुऱ्या, अजून टोक न्हाय सापडलं."

तोवर खरंच नात झाली. आप्पांचा मुलगा महेश उद्यमबागेत एका कारखान्यात आहे, सून दीपा बेळगुंदीची. दोघांनी मुलीचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, आर्वी. आप्पांनी जाहीर केलं, पोरीचं नाव सुसान्ना. घरात बोलणं बंद झालं. महेश माझ्याकडं आला. पोरगी शाळेत आणि ऑफिसात जन्मभर तीन भाषांत आपलं नाव समजावत बसेल, असं त्याचं म्हणणं. खोटं नव्हतं. मी आप्पांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "ते नाव ह्या घरातनं भायेर गेलंय ते माझ्या हातानं. आत बी माझ्याच हातानं येनार." आणि वर मलाच हुकूम, की फोनात आर्वीचं टोक बघ. मी बघितलं. पाच ठिकाणी पाच अर्थ निघाले. त्यातला कुठलाच दीपाला सांगायची माझी छाती झाली नाही.

बारशाला आठ दिवस राहिले असताना पाळकसाहेबांचा फोन आला. गुरुवार नव्हता, तरी लगेच या म्हणाले. आम्ही गेलो, तर टेबलावर एक जाडजूड कोश उघडा आणि साहेब खुर्चीत बसायलाही तयार नाहीत. त्यांनी सांगितलं, की शोशन्ना हा शब्द मुळात हिब्रूंचाही नसावा, असं जाणकार म्हणतात. तो त्यांच्याही आधी मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये होता. आणि तिथं त्याचा अर्थ पाण्यातलं फूल. तिथल्या नदीत उगवायचं ते.

"कमळ, आप्पा. कमळच."

"भू न्हाय?"

"भू नाही."

मी कुंद्याची वाट बघू लागलो. आप्पांनी पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायले, टोपी काढली, तिच्या आत बघितलं आणि पुन्हा घातली. "लई उपकार झालं, सायेब," एवढं म्हणून ते उठले. काखेतली सुरळी तिथंच टेबलावर राहिली. ती द्यायला साहेब दारापर्यंत आले, तर आप्पा हातानंच नको म्हणाले.

परतताना रेल्वेचं फाटक पडलं होतं. पुढं रिक्षा, मागं ट्रक, मध्ये आम्ही. मालगाडी लांबलचक. मी स्कूटर बंद केली. माझ्या पाठीमागून आप्पांचा आवाज आला.

"सुऱ्या, तू इचारलं हुतंस, अगं छापू का म्हणून."

मी मागं वळलो नाही.

"तेच छापायचं हुतंस. तेच खरं हुतं." मालगाडीचे डबे जात होते. आप्पा सावकाश बोलत होते. "तिचं नाव घेतलं काढून. दुसरं लिवलं मी. आन चाळीस वर्सं दोन्हीतलं एक बी घेतलं न्हाय. बायकोचं नाव घ्यायचं नसतं म्हणून न्हाय घेतलं. मागावर बसून अगं म्हणालो, ती आले म्हणाली. आता ती लिली निघाली काय आन कमळ निघालं काय. मी हाक कवा मारली तिला?"

मी पुढच्या रिक्षाचा नंबर वाचत राहिलो.

"तांदळात लिवताना," आप्पा म्हणाले, "एक दाना बाजूला गेलता. तिनं बोटानं तेवढा दाना सारखा केला."

गाडी गेली, फाटक उघडलं आणि माझी स्कूटर सुरू होईना. मागच्या मंडळींनी मला मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत माझं नाव सोडून सगळं म्हणून घेतलं. आप्पा खाली उतरले आणि त्या वयात त्यांनी मला ढकलत फाटकाच्या पलीकडं नेलं.

त्या दिवसापासून आप्पांनी लोकांची नावं विचारणं बंद केलं. सुरुवातीला तुम्हाला घड्याळ बघा म्हणालो, ते माझ्या जुन्या सवयीनं. दोन दिवसांनी महेश छापखान्यात आला तो घाबऱ्या चेहऱ्यानं. आप्पा आर्वीला हो म्हणालेत, त्यांना बरं नाही का, असं त्याला वाटत होतं. मी म्हणालो, बरे आहेत. आप्पांनी फक्त एक मागणं केलं होतं, तेही मुलाकडं नव्हे, बारशासाठी निपाणीहून आलेल्या आपल्या मुलीकडं, राजश्रीकडं. ती बाळाची आत्या. नाव कानात सांगायचा मान तिचा. आप्पा तिला म्हणाले होते, "पाळन्यापशी मला जरा हुबा ऱ्हाऊ दे."

पाळण्याजवळ पुरुषाचं काय काम? बारसं हा बायकांचा कारभार. आम्ही पुरुष बाहेरच्या खोलीत, मागाला टेकून, घुगऱ्या खात बसायचं. पण मला व्हिडिओ काढायचं काम दिलं होतं, म्हणून मी आत होतो, एका स्टुलावर, दीपाच्या आईचा पदर सांभाळत. पाळणा फुलांनी मढवलेला. बायकांची ही गर्दी. आणि त्या गर्दीतून, टोपी हातात घेऊन, कोपरं आवळून, माफी मागितल्यासारखे आप्पा पुढं सरकत होते.

राजश्री वाकायच्या तयारीत होती. आत्या नाव सांगायला वाकली की बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही आपली रीत तुम्हाला माहीत आहेच. सगळ्यांचे हात वर गेलेले होते. राजश्रीनं आप्पांना बघितलं आणि ती एक पाऊल मागं सरली. आप्पा वाकले. बायकांना थांबायला वेळच मिळाला नाही. बेळगुंदीहून आलेल्या शेतकरी बायका त्या, कुर्रर्र म्हणत त्यांनी आप्पांच्या पाठीत असे धपाटे घातले की बाहेरच्या खोलीतले पुरुष काय पडलं ते बघायला उठले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा व्याही आहे, आणि सगळ्यांनी एकदम जिभा चावल्या.

आप्पांना त्यातलं काहीच लागलं नव्हतं. ते पाळण्यात वाकलेले होते. त्यांचं तोंड बाळाच्या कानाशी होतं. "अगं," एवढं मला ऐकू आलं. त्यापुढं ते थांबले. मग पुढचं नाव त्यांनी घेतलं. ते मला दिसलं, ऐकू आलं नाही. मोठं नाव होतं, ओठांना वेळ लागला. मग आणखी एक घेतलं, ते लहान होतं.

बाळाचं टोपडं कानावरून सरकलं होतं. आप्पांनी एका बोटानं ते सारखं केलं आणि बाजूला झाले. राजश्री वाकली, धपाटे पडले, आर्वी म्हणून नाव जाहीर झालं, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आप्पाही होते.

सगळं आटपल्यावर मी बाहेर आलो, तर ते मागाच्या फळीवर बसले होते. घुगऱ्यांची पुडी हातात तशीच. दात नाहीत, खाणार काय? त्यांनी ती माझ्या खिशात कोंबली. माझ्या जिभेवर त्या धपाट्यांवरचा एक बरा विनोद तयार होता. मी तो गिळला.

आप्पांनी मला जवळ बोलावलं. आजूबाजूला कुणी नाही ते बघितलं.

"ओ दिली रं तिनं," ते म्हणाले. "नाव घेतल्याबरूबर. तू तितंच हुतास, तुला ऐकू आलं न्हवं?"

खरं सांगायचं तर त्या गोंधळात मला बाळाचा आवाज काही आला नव्हता. नंतर घरी जाऊन व्हिडिओ लावला, त्यातही काही नाही. बघायला जावं तर मी मोबाइल आडवा धरायचा तो उभा धरलेला, आणि अर्ध्या वेळेस चित्रात दीपाच्या आईचा पदरच.

"व्हय आप्पा," मी म्हणालो. "स्पष्ट आलं."

आप्पांनी मान हलवली आणि टोपी सारखी केली.